चार सेकंदांची आजी

मुलांनो, अमावस्या म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? भुताखेताच्या गोष्टी? चौकात पडलेली लिंबं? मला मात्र अमावस्या म्हटलं की ओली भेळ, कडक चहा आणि व्हीसीआरची घरघर आठवते. कारण आमची बैठक दर अमावस्येला भरायची. अजूनही भरते!

कसली बैठक? सांगतो.

मी नारायणगावचा. मीना नदीच्या काठचं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव. उन्हाळ्यात इथं तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. जवळच खोडदला आकाशाकडं तोंड करून बसलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या आहेत. अशा या गावात, एसटी स्टँडच्या मागं, माझ्या मामाचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. भिंतीला हार घातलेला गणपती, दोन व्हीसीआर, एक टीव्ही, एक मिक्सर (चटणीचा नव्हे, चित्रांचा!) आणि जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटच कॅसेट.

अमावस्येला लग्नाचा मुहूर्त नसतो. म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातले शूटिंगवाले त्या दिवशी रिकामे! मग ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, खुद्द जुन्नर, असे सगळीकडून आठ-दहा जण संध्याकाळी मामाच्या दुकानात जमायचे. कुणी एसटीनं, कुणी लूनावर. बरोबर आपापल्या अडचणी घेऊन यायचे.

"माझ्या कॅसेटीत सारख्या मुंग्या दिसतात हो!"

"हेड साफ केलंस का कधी?"

"नवरी पिवळी दिसतेय. कावीळ झाल्यागत!"

"व्हाइट बॅलन्स केला नसशील. पांढरा कागद नव्हता तर समोरच्या आजोबांची टोपी धरायची!"

यावर सगळे हसायचे. पण पुढच्या लग्नात तो बिचारा खरंच एखाद्या आजोबांच्या टोपीवर कॅमेरा रोखून रंग जुळवून घ्यायचा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं, एवढाच नियम. मी तेव्हा नववीत होतो. माझं काम चहा आणायचं आणि कान उघडे ठेवायचं.

आता मिक्सिंग म्हणजे काय ते ऐका. लग्नाचं शूटिंग तीन-तीन, चार-चार तासांचं असतं. त्यातलं नको ते गाळायचं, हवं ते ओळीनं लावायचं, नावं टाकायची, गाणी भरायची. याला आमच्या धंद्यात मिक्सिंग म्हणतात. पुस्तकी भाषेत संपादन, किंवा एडिटिंग.

सिनेमाची फिल्म पूर्वी खरोखर कात्रीनं कापून जोडत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्या काळात कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत. घरचा स्वयंपाक, पाहुणे, आणि वर हे! पण व्हिडिओची टेप कापायची नसते. फिल्म उजेडात धरली तर चित्रं दिसतात. टेप धरून पाहा, नुसती तपकिरी पट्टी! तीन तासांच्या कॅसेटीत अशी सुमारे अडीचशे मीटर पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यावर बारीक बारीक चुंबकी कण असतात आणि चित्र, आवाज, सगळं त्या कणांच्या रचनेत लपलेलं असतं.

म्हणून आम्ही दोन व्हीसीआर वापरायचो. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. पहिल्यावर हवा तो तुकडा लावायचा आणि दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा. मग पुढचा तुकडा. बटण दाबल्यावर मशीनला वेग धरायला जरा वेळ लागतो, म्हणून तुकड्याच्या थोडं मागं जाऊन मनात "एक, दोन, तीन" मोजायचं आणि बरोबर वेळेला बोट उचलायचं. बोट चुकलं की अंतरपाट दूर व्हायच्या आतच अक्षता पडायच्या!

आणि एकदा लावलेला क्रम पुन्हा मोडता यायचा नाही. मधला एक तुकडा वाढवायचा झाला, तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा करायचं. नाहीतर तयार कॅसेटवरून आणखी एक कॅसेट करायची. पण झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरं कशी पुसट होतात? तसंच चित्र दर प्रतीला पुसट होत जायचं. मामा म्हणायचा, "मूळ कॅसेट म्हणजे आई. बाकी सगळ्या तिच्या पोरी. पोरगी कितीही गुणाची असली तरी आई ती आईच!"

हे वाक्य मी दर अमावस्येला ऐकायचो. आणि तरीही मी जे केलं, ते आता तुम्हाला सांगायचं आहे.

१९९६ सालचा एप्रिल होता. मामानं आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका गावात लग्नाचं शूटिंग केलं. मीही गेलो होतो, सनगन लाइट धरायला. तो लाइट एवढा तापायचा की हाताला चटके बसायचे.

हळदीच्या दिवशी मांडवात जातं मांडलं होतं. नवरीची आजी हळद दळायला बसली. बारीक, काळीसावळी, कपाळावर गोंदलेलं. तिनं जात्याचा खुंटा धरला आणि ओव्या म्हणायला लागली. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. त्या कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या. नातीचं नाव, तिच्या बापाचं नाव, गावाचं नाव, धरणात गेलेलं शेत, सगळं त्यात येत होतं. बायका मधूनच डोळे पुसत होत्या. मामानं कॅमेरा खाली ठेवलाच नाही. वीस-पंचवीस मिनिटं तो एका जागी उभा. मी मात्र कंटाळलो होतो. हात भाजत होते, आणि मनात येत होतं, काय हे म्हातारीचं रडगाणं! बॅटरी फुकट चालली.

आठवड्याभरात मामानं मिक्सिंग केलं. त्या वेळची रीत अशी होती, की मूळ आवाज काढून टाकायचा आणि वर सिनेमातली गाणी भरायची. लोकांना तेच आवडायचं. त्यामुळं तयार कॅसेटीत आजी थोडीशीच आली, आणि तिचे ओठ हलत असताना आवाज ऐकू यायचा सिनेमातल्या गायिकेचा!

पण मामानं हळदीची मूळ कॅसेट बाजूला काढून ठेवली. एरवी पैसे मिळाले की मूळ कॅसेट आम्ही पुन्हा वापरायचो. ही मात्र त्यानं वेगळी ठेवली. वर निळ्या पेननं लिहिलं, 'पुसू नये'. आणि मागची पट्टी मोडली.

ही पट्टी काय भानगड आहे? व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला, डाव्या टोकाला, प्लॅस्टिकची एक चिमुकली पट्टी असते. ती मोडली की मशीन त्या कॅसेटवर नवं काही उतरवून घेत नाही. ते कुलूपच म्हणा ना! पण या कुलपाची किल्ली फार सोपी होती. पट्टीच्या जागी जी खाच उरते, तिच्यावर सेलोटेप चिकटवली की मशीन फसायचं.

"येत्या अमावस्येला सगळ्यांना ऐकवणार आहे," मामा म्हणाला. "असं गाणं पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

मे महिना उजाडला. लग्नसराई जोरात. एके दिवशी मामाला एका लग्नाला जायचं होतं आणि त्याच दिवशी एका गावच्या जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यतींचं शूटिंग आलं. मामा म्हणाला, "दुसरा कॅमेरा घे आणि तू जा. जमेल ना?"

जमेल ना? अहो, मी रात्रभर झोपलो नाही! पहिल्यांदाच कॅमेरा माझ्या एकट्याच्या खांद्यावर येणार होता!

सकाळी मामा लवकर निघून गेला. मी कपाट उघडलं, तर कोरी कॅसेट एकही नाही. मामानं सगळ्या नेल्या होत्या. बाजारातली दुकानं उघडायला अवकाश होता आणि मला न्यायला जीप दारात येऊन उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. फळीवर ती कॅसेट होती. 'पुसू नये' मी वाचलं. हो, वाचलं! वाचलं नव्हतं असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मनात म्हटलं, लग्नाची कॅसेट तर त्यांना पोचली. म्हातारीचं गाणं कोण ऐकतंय? ड्रॉवरमधून सेलोटेप काढली, खाचेवर चिकटवली आणि जीपमध्ये बसलो.

शर्यती झकास झाल्या. घाटात बैल सुटले की पंधरा सेकंदांच्या आत बारी संपते, पण मी एकही बारी सोडली नाही. भंडारा उधळलेला, लोकांची आरोळी, धुरळ्यातून झेपावणारी बैलजोडी! संध्याकाळी सगळे म्हणाले, "पोरानं काम चोख केलं." गावकऱ्यांना त्याची प्रत दिली. माझी मान ताठ झाली आणि मूळ कॅसेट मी गुपचूप फळीवर होती तिथं ठेवून दिली.

मग अमावस्या आली.

खोलीत आम्ही दहा-अकरा जण दाटीवाटीनं बसलो होतो. मामानं भेळेचे हात पुसले, ती कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली आणि म्हणाला, "आता जरा गप्प बसा. ऐका."

टीव्हीवर धुरळा उडाला. बैल धावत आले.

सगळे हसले. "मामा, कॅसेट चुकली तुमची!"

मामानं कॅसेट बाहेर काढली, नाव पाहिलं, पुन्हा आत घातली. पुन्हा बैल. त्यानं ती पुढं पळवली. बैल, बैल, बैल. आणि मग एकदम शर्यत संपली आणि हळदीचा मांडव दिसला! माझा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. मांडवात बायका चहा पीत होत्या. एक लहान पोरगी हळदीचे हात दाखवत होती. आणि मागं जातं होतं. नुसतं जातं. आजी उठून गेली होती.

माझ्या बैलांनी बरोबर आजी तेवढी पुसून टाकली होती.

"कुणी केलं हे?" ओतूरच्या काकांनी विचारलं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. कुणी माझ्याकडं पाहिलंही नव्हतं, तरी मीच आधी बोललो!

मामानं कॅसेट उलटी केली. खाचेवरची सेलोटेप नवी कोरी चमकत होती. तो काहीच बोलला नाही. ते न बोलणंच मला सहन होईना. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

मुलांनो, फळा पुसला तरी खडूची पुसट खूण राहते. टेपेचं तसं नसतं. नवं उतरवताना मशीन आधी जुन्या कणांची रचना मोडून टाकतं. त्या रात्री दहा-अकरा माणसांनी मिळून डोकं चालवलं. कुणी म्हणालं दुसऱ्या मशीनवर लावून पाहू, कुणी म्हणालं हेड साफ करून पाहू. पण गेलेलं परत आणायचं हत्यार कुणाकडंच नव्हतं.

शेवटी मंचरचे दादा म्हणाले, "एवढं काय त्यात? म्हातारी आहे ना धडधाकट? जाऊ की पुन्हा. जातं मांडू, म्हणू आजी, गा."

सगळ्यांनाच हायसं वाटलं. मला तर सगळ्यांत जास्त! पण लगेच कुणी जाईना. आधी लग्नसराई होती. मग पाऊस सुरू झाला. आमच्या पश्चिमेच्या डोंगरात पाऊस कसा पडतो, हे तिथल्या माणसालाच ठाऊक. ओढे भरतात, वाट बंद होते. "पाऊस उघडला की जाऊ," मामा म्हणायचा. मीही म्हणायचो, "पाऊस उघडला की जाऊ."

श्रावणात आजी वारली.

आम्हाला ते दिवाळीच्या थोडं आधी कळलं. नवरीचे वडील दुकानात आले. पायात चिखलाच्या वहाणा, हातात तांदळाची पिशवी. म्हणाले, "आमच्या म्हातारीचा आवाज हाय म्हणं तुमच्याकडं. पोरीच्या कॅसेटीत गाणीच लागत्यात. म्हातारी दिसती, पर बोलत न्हाई."

मामा काहीतरी बोलणार, एवढ्यात मी पुढं झालो. पाय कापत होते. म्हटलं, "काका, तो आवाज माझ्या हातून पुसला गेला. मुद्दाम नाही, पण लिहिलेलं वाचून पुसला."

ते बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगितलंस ते बरं केलंस, पोरा. पर गेलं ते गेलंच की."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मामानं तयार कॅसेटची आपल्याकडची प्रत काढली आणि शेवटचा प्रयत्न म्हणून हळदीचा भाग आवाज मोठा करून लावला. एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी एक फट होती. गाणं बदलताना मामाचं बोट जरा उशिरा पडलं होतं आणि तेवढ्यात मूळ आवाज आत शिरला होता. जात्याची घरघर आणि तिच्यावर आजीचा आवाज. एका ओवीचं शेपूट. शब्द नीट कळत नव्हते, सूर मात्र कळत होता.

आम्ही मोजलं. चार सेकंद. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे फ्रेम असतात. म्हणजे शंभर फ्रेम. मामा एवढा पक्का मिक्सिंगवाला, पण आयुष्यात एकदा त्याचं बोट चुकलं, आणि त्या चुकीनंच आजी तेवढी वाचली!

"पुन्हा लाव," काका म्हणाले. मी लावलं. "पुन्हा." असं किती वेळा, ते मोजलं नाही.

त्यानंतरच्या अमावस्येला बैठकीनं नियम केले. मूळ कॅसेट घरच्यांना विचारल्याशिवाय पुसायची नाही. त्यांना हवी असेल, तर कोऱ्या कॅसेटच्या किमतीत त्यांनाच देऊन टाकायची. आणि मिक्सिंगमध्ये घरातल्या थोरांचा खरा आवाज थोडा तरी ठेवायचा, गाणी कितीही चांगली असोत. हे नियम एका वहीत लिहिले. अक्षर माझं आहे. मला मुद्दामच लिहायला लावलं होतं!

पुढं मोठा झाल्यावर मी वाचलं, तेव्हा कळलं की ही चूक करणारा मी एकटाच नव्हतो. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. चंद्रावरून आलेली चित्रं ज्या मूळ टेपांवर साठवली होती, त्या टेपांचा नासानं पुढं शोध घेतला. २००९ साली त्यांनी सांगितलं, की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. का? तर टेपांचा तुटवडा होता! टीव्हीवरून दाखवलेल्या प्रती उरल्या होत्या, म्हणून आज आपण तो क्षण पाहू शकतो. आणि आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा? आज त्याची एकही प्रत सापडत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पण तोवर कितीतरी चित्रपट हातचे गेले होते.

उलट, आपल्याच पुणे जिल्ह्यातली एक चांगली गोष्टही सांगतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी आपल्या साथीदारांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून जास्त! ज्या बायकांना कुणी कवी म्हटलं नाही, त्यांची नावं आणि गावं त्यांनी ओवीबरोबर लिहून ठेवली. ते वाचताना मला आमची आजी आठवली आणि मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो.

आता मामा थकलाय. दुकान मी पाहतो. कॅसेट गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा जगात नवा व्हीसीआर बनवणारं कुणी उरलं नाही. आम्ही जुने दोन जपून ठेवले आहेत. लोकांच्या कॅसेटवरचं संगणकावर उतरवायला ते लागतात.

अमावस्येची बैठक अजून भरते. आता तिथं तुमच्या वयाची मुलंही येतात. मिक्सिंग आता संगणकावर होतं. डाविंची रिझॉल्व्ह आहे, केडेनलाइव्ह आहे. दोन्ही फुकट मिळतात. पडद्यावर आडवी पट्टी असते, तिला टाइमलाइन म्हणतात. तिच्यावर तुकडे ओळीनं मांडायचे, रुळावर आगगाडीचे डबे लावावेत तसे. मधला डबा वाढवला की पुढचे आपोआप सरकतात. मामाला पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "माझी वीस वर्षं परत दे!"

आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे इथं तुम्ही कितीही कापा, मूळ फाइल जशीच्या तशी राहते. संगणक फक्त लक्षात ठेवतो, कुठून कुठपर्यंत दाखवायचं. मग आता काही पुसलं जात नाही? जातं तर! मोबाइलची मेमरी भरली की आपण काय करतो? पटापटा जुनं काढून टाकतो. तेव्हा मी सेलोटेप लावली होती, आता आपण बोटानं 'डिलीट' दाबतो. कारण मात्र तेच. जागा हवी असते, आणि घाई असते.

गेल्या वर्षी एक मुलगी बैठकीला आली. नववीतली. तिनं पिशवीतून एक कॅसेट काढली आणि मी एवढा मोठा माणूस असूनही माझे हात थरथरले. ती त्याच नवरीची मुलगी! बरोबर तिची आईही होती. कॅसेट संगणकावर उतरवायची होती. आम्ही ती उतरवली, जात्याची घरघर थोडी कमी केली. ते चार सेकंद आता जरा स्वच्छ ऐकू येतात. पण चारच.

बैठकीतला एक हुशार पोरगा म्हणाला, "काका, आता एआयनं या चार सेकंदांवरून आजींचा आवाज तयार करता येईल. अख्ख्या ओव्या म्हणवून घेऊ!"

मला क्षणभर मोह झाला. खरंच झाला. तीस वर्षांचं ओझं उतरलं असतं. मी ताईंकडं पाहिलं.

त्या म्हणाल्या, "नको दादा. ते गाईल, पर ती आजी नसंल. आजीला काय म्हणायचं होतं, ते यंत्राला कुठून ठावं?" आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "दोन-तीन ओव्या मला येतात तिच्या. लहानपणी संग दळायला बसायची ना मी."

खोलीत एकदम शांतता झाली. कुणीतरी पंखा बंद केला. त्या मुलीनं मोबाइल आडवा धरून स्टुलावर टेकवला. आणि तिची आई गायला लागली.

मुलांनो, आता तुमच्यासाठी थोडा गृहपाठ! घाबरू नका, गुण नाहीत त्याला.

घरातल्या आजी-आजोबांना, नाहीतर शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "मी तुमचं बोलणं साठवून ठेवू का?" त्यांनी हो म्हटलं तरच पुढं जायचं. पंखा आणि टीव्ही बंद करा. मोबाइल आडवा धरा आणि कशाला तरी टेकवा, म्हणजे तो हलणार नाही. तो बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर असू द्या, कारण चित्र थोडं अंधूक चालतं, आवाज अंधूक चालत नाही. बोलणं सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यानंतर दहा सेकंद तसंच चालू ठेवा. मध्ये बोलू नका. त्या गप्प बसल्या तर तुम्हीही गप्प बसा. पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतरच येते.

मग फाइलला नाव द्या. कोण, कुठलं गाव, कोणती तारीख. तीन ठिकाणी ठेवा, मोबाइलमध्ये, संगणकात किंवा पेनड्राइव्हवर, आणि एक प्रत मामाच्या नाहीतर मावशीच्या घरी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत मूळ समजू नका. ती आकसून लहान झालेली असते. आईची पोरगी, आठवतंय ना?

आणि हो, हे 'पाऊस उघडला की' करू नका. या रविवारीच करा.